एक वगळली

पीं, पीं, पीं. स्वयंपाकघरात वॉशिंग मशीनचं धुणं झालं.

आवाज जिथून येतो त्या भोकांवर मी चिकटपट्टीचे तीन थर लावलेत. पण दुपारी दीड वाजता आमच्या घरात इतकी शांतता असते, की तेवढ्यातूनही तो पलंगापर्यंत पोचतो. मी श्वास रोखून टिकलीकडे पाहिलं. तिच्या पापण्या हलल्या, ओठांनी हवेतच दोन घोट घेतले, आणि आवळलेली मूठ पुन्हा सैल झाली. टिकली म्हणजे माझी मुलगी, तीन वर्षं चार महिन्यांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिच्या बाबाने टिकली म्हटलं. आता भोपळ्यासारखी गरगरीत झाली तरी नाव तेच राहिलंय.

ती झोपते तो दीड तास माझा. त्यात मी कपडे वाळत घालते, कधी असं काहीबाही लिहिते. गेला आठवडाभर मात्र त्या दीड तासात मी एकच करत होते. लॅपटॉपसमोर बसून एक टेस्ट लाल व्हायची वाट बघत होते.

हे सुरुवातीपासून सांगायला हवं.

मी सॉफ्टवेअर लिहिते, हल्ली घरूनच. आमची छोटी कंपनी रुग्णालयांसाठी एक यंत्र बनवते. नवजात बाळाच्या पावलाला मऊ पट्टा बांधायचा. बाळाचा ऑक्सिजन कमी झाला की सिस्टरच्या टेबलावरचं यंत्र ओरडतं. बाळाचं लंगोट बदलताना, अंग पुसताना ते उगाच कोकलू नये म्हणून त्यावर एक बटण आहे, ‘दोन मिनिटं शांत’. दोन मिनिटं झाली की आवाज आपोआप परत येतो. म्हणजे यायला हवा.

आमच्यातल्या कुणी प्रोग्रॅमची एक ओळ जरी बदलली, तरी कुठेतरी दूर असलेला सर्व्हर सगळं नव्याने जोडतो आणि एकेक टेस्ट चालवतो. टेस्ट म्हणजे यंत्राला विचारलेला छोटासा प्रश्न. पट्टा सुटला तर सांगशील का? वीज जाऊन आली तर वेळ लक्षात राहील का? असे एक हजार चारशे बारा प्रश्न. सगळी उत्तरं बरोबर आली तर पडद्यावर हिरवी खूण, एक जरी चुकलं तरी लाल. हिरवी आल्याशिवाय काहीही रुग्णालयात जात नाही. सगळी रांग संपायला एकोणीस मिनिटं लागतात. ही एकोणीस मिनिटं मला घड्याळाशिवाय कळतात. टिकली अंगावर पीत होती तेव्हा एक बाजू संपायला बरोबर तेवढीच लागायची.

त्या चौदाशे बारांमधली एक टेस्ट मास्तरांची होती. मास्तर आमच्यात सगळ्यांत वयस्कर. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या कामावर शेरे मारायची हौस अशी, की नाव चिकटलं. निवृत्त होताना त्यांनी जाता जाता ही टेस्ट लिहून ठेवली. शांततेच्या दोन मिनिटांत बाळाच्या पायाचा पट्टा सुटला आणि पुन्हा लावला, तर आवाज वेळेवर परत येतो ना?

टेस्ट लहरी निघाली. दहा-बारा वेळा सुरळीत पास व्हायची आणि मध्येच एकदा पडायची. पुन्हा चालवली की पुन्हा पास. ऑफिसात आम्ही तिला ‘सासूबाई’ म्हणायचो. कशाने बिनसलं ते कळत नाही, आणि थोडा वेळ लक्ष दिलं नाही की आपोआप निवळतात. शिवाय आमच्याकडे एक म्हणच पडली होती: पहिल्यांदा पडली तर नशीब, दुसऱ्यांदा पडली तर सर्व्हर, तिसऱ्यांदा पडली तर आपण. त्यामुळे लाल दिसलं तरी काय पडलं, का पडलं, हे कुणी वाचायचंच नाही. ‘पुन्हा चालवा’ दाबायचं आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत हिरवं झालेलं असायचं. चहाने बिल्ड, म्हणजे सर्व्हरचं हे सगळं जोडकाम, बरं होतं, असं आमचा कप्तान म्हणायचा. कप्तान म्हणजे आमच्या गटाचा प्रमुख.

सव्वा वर्षापूर्वी एका संध्याकाळी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती रुग्णालयांत जायची होती आणि सासूबाई लागोपाठ तीनदा पडल्या. नियमाप्रमाणे आता ‘आपण’. त्याच वेळी पाळणाघरातून फोन आला. ‘टिकलीला खूप ताप चढलाय, डोळे फिरवतेय, लवकर या.’ माझ्या एका हातात गाडीची किल्ली होती. दुसऱ्या हाताने मी मास्तरांच्या टेस्टच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: वगळा. वगळताना कारण द्यावंच लागतं, नाहीतर सर्व्हर घेत नाही. मी कारण दिलं: ‘टेस्ट लहरी आहे. नंतर बघते.’ कप्तानने त्यावर अंगठा दिला. अंगठा म्हणजे मंजुरी. डॉक्टरांच्या दारात, टिकलीचं भाजणारं कपाळ मानेला लागलेलं असताना, मी फोनवर निकाल पाहिला. हिरवी खूण. खाली बारीक अक्षरांत: १४११ पास, १ वगळली.

टिकली तीन दिवसांत बरी झाली. ते ‘नंतर’ काही आलं नाही. वगळलेल्या टेस्टचा रंग राखाडी असतो, आणि राखाडीसाठी कुणी उठून बसत नाही.

एक महिन्यापूर्वी एका रुग्णालयात, भर दुपारी, आमचं यंत्र एकेचाळीस मिनिटं गप्प राहिलं. बाळ अकरा दिवसांचं होतं. वॉर्डात चौदा बाळं आणि दोन सिस्टर. बाळ वाचलं, पण डोळे उघडत नाही. एवढंच आम्हाला कळवलं गेलं. यंत्राच्या नोंदीत ‘शांत, एकेचाळीस मिनिटं’ असं दिसतं. बटण किती वेळा दाबलं हे यंत्र लिहून ठेवत नाही, कारण तशी गरज पडेल असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नव्हतं. म्हणजे सिस्टरने कंटाळून पुन्हा पुन्हा ‘शांत’ दाबलं असणार, असं ठरलं. तिला घरी बसवलं. चौकशी समितीने आम्हालाही विचारलं, आवृत्ती नीट तपासली होती का? कप्तानने उत्तर पाठवलं: सर्व टेस्ट हिरव्या होत्या.

त्यात एकही शब्द खोटा नाही.

आणि त्या सिस्टरला मी ओळखते. यंत्र नवं होतं तेव्हा मी त्या वॉर्डात दिवसभर शिकवायला गेले होते. टिकली पाच महिन्यांची होती, घरी. दुपारपर्यंत माझा कुर्ता पुढून ओला झाला, मी फाईल छातीशी धरून उभी. सिस्टर जवळ आली आणि कानाशी म्हणाली, ‘मॅडम, तुमचं यंत्र वाजायला लागलंय.’ मला धुतलेल्या चादरींच्या खोलीत घेऊन गेली, खुर्ची दिली, वाटी दिली, आणि मी दूध काढेपर्यंत बाहेर दाराला पाठ लावून उभी राहिली. ‘सिस्टर कसली, ताई म्हण मला,’ म्हणाली. निघताना तिने एकच विचारलं होतं. ‘हे दोन मिनिटांनी नक्की परत वाजतं ना गं? आमचे हात कामात असतात.’

‘नक्की, ताई,’ मी म्हटलं होतं. ‘तुम्ही विसरलात तरी ते विसरत नाही.’

मागच्या आठवड्यात चौकशीची सगळी कागदपत्रं आमच्या गटाला आली. त्यात सिस्टरचा जबाब होता. ‘मी एकदाच बटण दाबलं. मग बाळाच्या पायाचा पट्टा सैल वाटला म्हणून काढून पुन्हा बांधला.’ ते वाक्य मी टिकलीला भरवताना वाचत होते. हातातला चमचा तसाच राहिला. पट्टा काढून पुन्हा बांधला. शांततेच्या दोन मिनिटांत. मास्तरांचा प्रश्न, शब्दाला शब्द.

‘आई, आ,’ टिकली तोंड उघडून बसली होती.

त्या दिवशी नवरा घरी आल्यावर मी त्याला सांगितलं. तोपर्यंत ती ‘वगळा’ची ओळ मी काढून टाकली होती आणि टेस्टची अख्खी रांग चार वेळा चालवली होती. चारही वेळा हिरवी. माझ्या लॅपटॉपवर ती टेस्ट कधीच पडत नाही, तो चपळ आहे. पडायची ती सर्व्हरवरच, आणि तिथे तेवढी एकच टेस्ट वेगळी काढून चालवायची तर कप्तानची परवानगी लागते. म्हणून प्रत्येक वेळी अख्खी रांग, एकोणीस मिनिटं, झोपेच्या एका दीड तासात चार.

‘लाल व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवणारी तू पहिलीच,’ तो हसत म्हणाला. त्याला अजून अर्धंच कळलं होतं. मी उरलेलं सांगितलं. तो बादली उचलून गच्चीत गेला आणि आधीच वाळलेले कपडे पुन्हा झटकून दोरीवर घालत राहिला.

टिकली तिथेच जमिनीवर बाहुलीला निजवत होती. तिने मान वर केली. ‘कुठलं बाळ उठत नाहीये?’

‘आहे एक. लांब.’

‘दमलंय?’

‘हो गं राणी. दमलंय.’

मग सुरू झालं ते. लाल यावं, म्हणजे सिस्टर सुटेल. हिरवं यावं, म्हणजे मी सुटेन. हिरवी खूण उमटली की आधी छातीवरचं ओझं उतरायचं, अगदी खरंखुरं उतरायचं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची अशी किळस यायची की मी उठून सिंकमधली भांडी घासायला घ्यायचे. सोमवारी चार हिरव्या. मंगळवारी टिकली झोपलीच नाही, एकच झाली. बुधवारी पुन्हा चार. एकूण तेरा. कदाचित मास्तरांचीच टेस्ट चुकीची असेल, मी मनाशी म्हणायचे. वय झालं होतं त्यांचं. मग आठवायचं की मास्तर जाताना काय म्हणाले होते. ‘तुम्ही पोरं लाल दिसलं की पोराला गप्प करता, त्याला काय दुखतंय ते विचारत नाही.’ आम्ही सगळे हसलो होतो. केक कापायचा होता.

आज गुरुवार. धुणं झालं तेव्हा चौदावी रांग चालू होती. मी ओले कपडे टोपलीत काढले, टिकलीची निळी चड्डी उलटी होती ती सुलट केली, परत येऊन पाहिलं तर पडदा लाल.

एकच ओळ. ‘आवाज परत येणे अपेक्षित. आवाज आला नाही.’

आजवर अशा किती ओळी आल्या असतील आणि मी त्या वाचल्या नाहीत. आज वाचल्या. खाली यंत्राने क्रमाने काय काय केलं त्याची यादी होती, ती बोट ठेवून ठेवून वाचली. दहा मिनिटांत सगळं स्वच्छ दिसलं. शांततेची दोन मिनिटं मोजणारं घड्याळ एका ठिकाणी ठेवलेलं. पट्टा पुन्हा लागला की यंत्र नव्याने मांडामांड करतं. घड्याळाचा ठोका आणि पट्टा लागणं अगदी एकाच क्षणी झालं, तर त्या मांडामांडीत घड्याळ पुसलं जातं आणि ‘शांत’ तेवढं शिल्लक राहतं. मग कुणीच मोजत नसतं. दुरुस्ती तीन ओळींची. सव्वा वर्षापूर्वी मी ती यादी वाचली असती, तर दहा मिनिटं.

पण टिकली डोळे फिरवत होती. पुन्हा तोच दिवस आला तर मी पुन्हा किल्ली उचलून पळेन, हे मला माहीत आहे. यातून वाट निघत नाही. आठवडाभर मी ती शोधतेय.

फोन थरथरला. कप्तान. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं.

‘अगं, तू सर्व्हरवर काय दळण लावलंयस?’ तो मजेत होता. ‘चौदा वेळा! बाकीच्यांची कामं खोळंबलीत. पीठ तरी किती बारीक पाहिजे तुला?’

‘सासूबाईंना परत आणलंय मी.’

पलीकडे खुर्ची करकरली.

‘कशाला?’

‘आत्ता लाल आली.’

‘मग पुन्हा चालव,’ तो म्हणाला. सवयीने. माझ्याही तोंडून तेच आलं असतं.

‘टेस्ट बरोबर आहे, कप्तान. यंत्र चुकतंय. सिस्टरने जे सांगितलं तेच झालंय. तिने एकदाच दाबलं.’

‘चौदात एकदा पडलीय. याला पुरावा म्हणतात?’

‘बाळाला एकदाच पुरलं.’

मग आवाज खाली आला. ‘हे बघ. त्या ओळीवर माझा अंगठा आहे. मलाही दोन पोरं आहेत, मी काही राक्षस नाही. आज बसून दुरुस्त करून टाकू. पुढच्या आवृत्तीत गुपचूप जाईल. पुन्हा कुणाच्या बाळाला असं होणार नाही. झालेलं आता काय उलटं फिरणार आहे?’

‘आणि सिस्टर?’

‘त्यांचं काय? त्यांनी कबूल केलं ना. काल सही दिली. तुला मेल नाही आला?’

मी मशीनला टेकून उभी होते. नखाने चिकटपट्टीचं टोक खरवडत होते हे तेव्हा कळलं, जेव्हा नखाखाली चिकट मळ आला.

‘कसं कबूल केलं? तिने केलंच नाही.’

‘ते मला काय माहीत. केलं. चौकशी संपली.’ मग जरा थांबून, ‘मी पुन्हा लावलीय रांग. बघू. आणि तू जरा झोप. टिकली झोपते तेव्हा तूही झोपत जा, माझी बायको तेच करायची.’

मी लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला. समितीला लिहिलेलं पत्र सोमवारपासून तयार होतं. त्यात फक्त लाल निकालाची जागा रिकामी होती. मी ती भरली, यादी जोडली, माझी ‘वगळा’ची ओळ, तारीख आणि कारण जोडलं. ‘टेस्ट लहरी आहे. नंतर बघते.’ पाठवून टाकलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. ‘समितीचं काम पूर्ण झालं आहे. या पत्त्यावर आलेले संदेश वाचले जात नाहीत. हे उत्तर आपोआप पाठवलेलं आहे.’

मग मी सिस्टरला फोन लावला. नंबर तिनेच तेव्हा दिला होता, दूध आटलं तर विचार म्हणून.

‘बोल गं,’ तिने पहिल्याच रिंगला उचलला. घरी बसलेल्या माणसासारखा. ‘टिकली कशी आहे?’

‘झोपलीय, ताई.’

‘झोपू दे, झोपू दे. दुपारची झोप अंगाला लागते. दात आले ना सगळे?’

‘ताई, तुम्ही बटण किती वेळा दाबलं?’

ती हसल्यासारखा आवाज आला. ‘तूही विचारतेस? अगं, पहिल्या दिवशी मी छातीठोक सांगत होते, एकदाच. मग डॉक्टरांनी विचारलं, समितीने विचारलं, घरी ह्यांनी विचारलं. नीट आठवा, नीट आठवा. आठवून आठवून त्याचा पार भुगा झाला. आता डोळे मिटले की माझा हात बटणाकडे जातानाच दिसतो. दहादा, वीसदा. बावीस वर्षं झाली मला या कामात, दिवसाला शंभर बटणं दाबते. दाबलं असणार. केली सही. निदान विचारायचे तरी थांबले.’

‘तुम्ही एकदाच दाबलंत, ताई.’

आणि मी सांगितलं. सासूबाईंसकट, पाळणाघराच्या फोनसकट, अंगठ्यासकट सगळं. ओळीचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवले. तिच्या घरातला नळ ठिबकत होता, तो मला ऐकू येत होता.

‘तू म्हणाली होतीस,’ ती शेवटी म्हणाली, ‘आपण विसरलो तरी ते विसरत नाही.’

‘हो.’

‘नव्या पोरी आल्या की मी त्यांना तेच शिकवायचे. तुझंच वाक्य.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘म्हणजे मी नव्हते,’ ती म्हणाली.

‘नव्हतात, ताई.’

मला वाटलं होतं ती रडेल. रडली असती तर मीही रडले असते, आणि दोघींना थोडं बरं वाटलं असतं. ती रडली नाही.

‘मग आता मी काय करू?’ तिने विचारलं. खरोखरच विचारलं, एखाद्या औषधाचा डोस विचारावा तसं. ‘कामावर नसले तरी रोज जाते मी तिकडे. त्या बाळाची आई बाहेरच्या बाकावर बसलेली असते. पहिले आठ दिवस तिने तोंड फिरवलं. मग मी तिच्यासमोर हात जोडले, म्हटलं, बाई, माझ्या हातून झालं. आता ती मला शेजारी बसू देते. काल माझा हात धरला तिने. म्हणाली, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. उद्या तिला जाऊन काय सांगू? केलीस ती माफी परत घे आणि दुसरीला दे?’

‘मी येते. उद्या येते. सगळे कागद घेऊन. डॉक्टरांना भेटते, तिलाही भेटते.’

‘ये.’ नळ ठिबकला. ‘एकटी ये. टिकलीला नको आणूस.’

‘नाही आणत.’

‘तिच्यावर राग नाही गं माझा. पण मला बघवणार नाही.’

तिने फोन ठेवला. पडद्यावर कप्तानने लावलेली रांग संपली होती. हिरवी. १४१२ पास. त्याने खाली हसरा चेहरा टाकला होता, आणि चहाचा कप. माझी लाल ओळ एक पायरी खाली सरकली होती. उद्या सकाळपर्यंत सगळ्यांच्या बदलांनी आणखी वीस पायऱ्या खाली जाईल. मी तिचा फोटो काढून ठेवला. मग आणखी एक काढला, पहिला हलला असेल म्हणून.

टोपलीतले कपडे तसेच ओले होते. मी एक छोटा पायमोजा उचलला, पिळला, त्यातून काहीच निघालं नाही. मशीनवरची चिकटपट्टी अर्धी सुटून लोंबत होती. ती ओढून काढली. चिकट राहिलंच. मी टोपलीशेजारी जमिनीवर बसले.

‘आई.’

टिकली दारात उभी. गालावर उशीच्या घड्यांचे वळ, एका हातात बाहुली, पायाला धरून उलटी लोंबकळत. एरवी ती उठल्या उठल्या दूध मागते. आज मागितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग येऊन माझ्या मांडीत चढली आणि ओल्या टोपलीत डोकावली.

‘तू कोणाशी बोलत होतीस?’

‘एका ताईंशी.’

‘ते बाळ उठलं?’

‘नाही अजून, राणी.’

तिने बाहुलीला सुलटं केलं, तिचे डोळे बोटाने उघडून पाहिले, मिटले, पुन्हा उघडून पाहिले. विचारात पडली की तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येते, तशी आली होती.

‘मी झोपले ना, की तू सारखी येऊन बघतेस,’ ती म्हणाली. ‘मला माहितीये. मी डोळे मिटून बघते.’

‘हो का? लबाड.’

‘मग आई, त्या बाळाकडे कुणीच का नाही बघितलं?’